मी ऐकलेले एक पुस्तक

(मंडळाच्या मासिक वाचन-बैठकीत केलेले भाषण)



आपल्या मंडळात दर महिन्याला एक भगिनी एका पुस्तकावर बोलते. ह्या खेपेला माझी पाळी आली तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. लग्न होऊन मोखाड्यास आले ती दुकान, स्वयंपाक आणि मुले यांतच गुंतले. वाचन म्हणाल तर व्रताच्या कहाण्या आणि दुकानात पुड्या बांधायला येणारी रद्दी. पण चिटणीसबाई म्हणाल्या, ‘‘तुम्हांला परीक्षेला नाही बसवत. पुस्तक कसे वाटले एवढे सांगा.’’ तेव्हा धीर करून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथमच कबूल करते की हे पुस्तक मी वाचलेले नाही, ऐकलेले आहे. ते इंग्रजी आहे. माझी धाकटी लेक कॉलेजात शिकते. तिने ते जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून आणले. गेल्या पावसाळ्यात रात्री दिवे गेले की मी नागली-वरई निवडायला बसे, आणि ती मोबाईलच्या उजेडात पान-पान वाचून मला मराठीत सांगत असे. वीस-बावीस रात्री हे चालले. पुस्तकाचे नाव ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, म्हणजे आपण ‘दोन जगांचे युद्ध’ म्हणू. लेखक एच. जी. वेल्स हे इंग्लंडातले. पुस्तक निघाले १८९८ साली. मंगळावरचे प्राणी पृथ्वीवर चालून येतात, अशी ही कादंबरी आहे.

मंगळ म्हटले की आपल्याला पत्रिकेतला मंगळ आठवतो. म्हणून आधी मला हसूच आले. म्हटले, हा सगळा पोरखेळ. पण लेक म्हणाली, ‘‘आई, हा लेखक दुकानदाराचाच मुलगा होता.’’ मग मी कान दिला. वेल्सच्या वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे लहानसे दुकान होते, ते धड चालत नव्हते. आई मोठ्या लोकांच्या वाड्यात घरकाम पाहणारी बाई होती. मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीस ठेवले होते, ते त्याला मुळीच आवडले नाही. अशा घरातून आलेला माणूस काय लिहितो ते ऐकावेसे वाटले.

गोष्ट थोडक्यात अशी. मंगळ थंड होत चाललेला, तिथले पाणी आटत आलेले. म्हणून तिथले प्राणी आपल्या हिरव्या पृथ्वीवर डोळा ठेवून निघतात. लंडनजवळच्या वोकिंग गावाच्या माळावर एक भले मोठे नळकांडे आकाशातून येऊन पडते. लोक जत्रेसारखे बघायला जमतात. आतून मोठ्या डोक्याचा, लोंबत्या हातांचा एक प्राणी बाहेर येतो. गावातली शहाणी माणसे पांढरे निशाण घेऊन पुढे जातात, की आम्ही भांडायला आलो नाही. त्यांना आगीच्या झोताने जाळून टाकले जाते. मग तीन पायांची उंच यंत्रे गावोगाव फिरू लागतात. त्यांच्यापुढे तोफा चालत नाहीत. काळ्या विषारी धुराने माणसे मरतात. लंडन ओस पडते. आणि शेवटी हे प्राणी मरतात ते माणसाच्या हातून नव्हे, तर साध्या रोगजंतूंमुळे. मंगळावर जंतूच नव्हते, म्हणून त्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती.

मंगळावर अशी वस्ती नाही हे आज शाळेतले पोरही सांगेल. आपल्या देशाचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागले. तेव्हा ही गोष्ट खोटीच. पण व्रतातल्या कहाणीतला राजा तरी कुणी पाहिला आहे? कहाणी खोटी असली तरी तिच्यातला वसा खरा असतो.

मला काय आवडले ते सांगते. पहिले म्हणजे, एवढा अनर्थ झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीप्रमाणे येतो. थोड्या अंतरावर माणसे जळून मेली आहेत आणि इकडे कुणी जेवत आहे, कुणी बागेत काम करत आहे. हे अगदी खरे लिहिले आहे. संकट दुसऱ्या आळीत आहे तोवर आपल्याला ते खरे वाटतच नाही.

दुसरे, गोष्ट सांगणारा माणूस आणि एक पाद्री एका पडक्या घरात अडकतात. बाहेर मंगळाचे प्राणी, आत थोडेसे अन्न. तो माणूस दहा दिवस पुरेल असे अन्नाचे वाटे करतो. पाद्रीबोवांना काही धीर धरवत नाही. ते अधाशासारखे खातात, रडतात, ओरडतात. शेवटी त्यांच्या ओरडण्याने शत्रूला सुगावा लागेल म्हणून हा माणूस त्यांच्या डोक्यात सुऱ्याची मूठ घालतो. ऐकताना माझे हात थांबले. श्रावण-भादव्यात, नवे धान्य यायच्या आधी, घरात वाटे करून रांधणे म्हणजे काय हे आपल्या तालुक्यात किती घरांना ठाऊक आहे! भुकेपुढे आणि भयापुढे भला माणूसही कुठे जाऊन पोचतो, हे लेखकाने लपवले नाही.

आता आवडले नाही तेही सांगते. नायकाच्या बायकोला ह्या पुस्तकात शेवटपर्यंत नाव नाही. नवरा तिला लेदरहेड ह्या गावी नातेवाइकांकडे पोचवतो आणि परत फिरतो. का, तर गाडी आणि घोडा भाड्याने आणलेला, तो मालकाला परत करायचा म्हणून! पुढे ते लेदरहेड गावच नष्ट झाल्याचे त्याला कळते. शेवटच्या पानांत मात्र बायको जिवंत दारात उभी! ती कशी वाचली, काय खाल्ले, कुठे लपली, याबद्दल एक ओळ नाही. मी लेकीला विचारले, ‘‘अगं, पान गळले नाही ना?’’ ती म्हणाली, ‘‘नाही, लिहिलेच नाही.’’ त्या बाईची हकीगत लिहिली असती तर दुसरे एवढेच पुस्तक झाले असते, असे माझे मत आहे.

त्याची थोडी भरपाई दुसऱ्या एका प्रसंगात होते. नायकाचा भाऊ लंडनमधून पळत असताना त्याला एका लहान घोडागाडीत नणंद-भावजय भेटतात. लुटारू गाडी हिसकावू पाहतात. भावजय नुसती नवऱ्याच्या नावाने रडते. नणंद मात्र पुढे गेलेली गाडी वळवून परत येते आणि बैठकीखालचे पिस्तूल काढून गोळी झाडते. हे ऐकून माझ्या सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, ‘‘नणंदा अशाच असतात!’’ चांगल्या अर्थाने म्हणाल्या की कसे, ते मी विचारले नाही.

जंतूंचा भाग ऐकताना मला वाटले, हे फार सोपे केले. पण लेकीने सांगितले की जंतूंचा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांनीही मनावर घेतला होता. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने इस्रोने २००५ साली हैद्राबादहून एक मोठा फुगा आकाशात सोडला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आणली. तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, असे २००९ मध्ये जाहीर झाले. ते बाहेरच्या जगातून आलेच, असे काही सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांनीही तसा दावा केला नाही. न कळलेल्या गोष्टीला न कळलेले म्हणणे मला फार आवडले. हेच नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा धाडली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली, आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मंगलाबाई स्वतः गणिताच्या विदुषी. २०२३ साली त्या गेल्या, आणि २०२५ च्या मे महिन्यात नारळीकरही गेले. सांगायचे एवढेच, की असल्या गोष्टी म्हणजे साहेबाचा पोरखेळ नव्हे. आपल्या माणसांनीही त्यावर कष्ट केले आहेत.

आता ज्यासाठी मी खरी उभी राहिले ते सांगते.

ही गोष्ट वेल्सला सुचली ती त्याच्या भावामुळे. भावाचे नाव फ्रँक, आणि पुस्तकही त्यालाच अर्पण केले आहे. दोघांचे बोलणे चालले होते ते टास्मानियाविषयी. टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाजवळचे बेट. १८०३ साली इंग्रज तिथे वस्तीला गेले आणि पन्नास वर्षांच्या आत तिथल्या मूळ लोकांचा जवळजवळ निःपात झाला. वेल्स पहिल्याच प्रकरणात आपल्या वाचकांना बजावतो की, मंगळवाल्यांना निर्दय म्हणण्याआधी आपण काय केले ते आठवा. टास्मानियन सगळे संपले असेच त्या काळी धरून चालत. ते खरे नव्हे. त्यांचे वंशज आजही आहेत आणि आपली ओळख सांगतात. पण लेखकाचा मुद्दा बिनतोड आहे. मंगळावरचा प्राणी म्हणून त्याने ज्याला उभे केले, तो त्याच्याच गावचा माणूस होता.

हे ऐकले आणि मला आपला बोहाडा आठवला. लहान मुले सोंगे बघून आईच्या पदरात तोंड लपवतात. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर राक्षसाचा तो मोठा मुखवटा डुलत येतो. माझी मोठी लेक चार वर्षांची असताना अशीच किंचाळली होती. तेव्हा सोंग घेतलेल्या माणसाने बाजूला येऊन मुखवटा जरासा वर केला. पाहते तो आमच्या दुकानात रोज विड्या न्यायला येणारा शेजारी! पोर हसू लागली.

मुखवटा वर करून पाहायचा, हे मी लेकीला त्या दिवशी शिकवले. स्वतः मात्र विसरले.

गोष्ट २०२० च्या एप्रिलमधली. देशभर टाळेबंदी होती. एस.टी. बंद, बाजार बंद. माणसे पायी गावाकडे निघाली होती. काही जण जव्हारवरून मोखाडा, खोडाळा, त्र्यंबक अशा आडवाटेने चालत. त्याच दिवसांत मोबाईलवर निरोप फिरू लागले, की रात्री चोर हिंडतात, वेष पालटून येतात, मुले पळवतात. असा एक निरोप मला आला. मी तो आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे धाडला. खाली लिहिले, ‘सावध राहा.’ तुमच्यापैकी पुष्कळांना तो आठवत असेल. तो मीच धाडला होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, आमच्या मागच्या दारी एक परका माणूस उभा राहिला. तोंडाला फडके, पायांत फाटक्या सपाता, पाठीला बोचके. हातातली रिकामी बाटली त्याने उलटी करून दाखवली. बोलला नाही. घसा कोरडा पडला असेल, किंवा आपली भाषा येत नसेल. मी दार लावून घेतले आणि आमच्या पुतण्याला फोन केला. पाच मिनिटांत दहा-बारा पोरे काठ्या घेऊन जमली. त्याला घेरून उभी राहिली. तो खाली बसला आणि दोन्ही हात वर केले.

आमच्याकडे आवणीला येणारी एक म्हातारी आहे, वारली समाजाची. आम्ही तिला बाय म्हणतो. ती त्या वेळी अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. ती उठली, पोरांच्या मधून वाट काढत गेली, आणि माझ्या बंद दाराकडे बघून म्हणाली, ‘‘तान लागली हाय त्याला. पानी दे.’’ मी दार उघडले नाही. मग तिने आपल्याच तांब्यातले पाणी त्याच्या बाटलीत ओतले. पोरांनी काठ्या खाली केल्या. तो माणूस पाणी प्यायला, तिच्या पाया पडला आणि वाटेला लागला.

पुढे बातमी आली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी, दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशा तीन निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या भागातही चोर आणि मुले पळवणारे हिंडत असल्याची अफवा पसरलेली होती. ती बातमी ऐकून मी दोन दिवस जेवू शकले नाही. घरच्यांना वाटले, पित्त झाले. मी कुणालाच काही बोलले नाही. माझ्या अंगणात बाय नसती तर काय झाले असते, हा विचार आजही रात्री मला उठवतो.

म्हणून हे पुस्तक माझ्या मनाला एवढे लागले. पांढरे निशाण घेऊन गेलेल्या माणसांना मंगळवाल्यांनी जाळले, हे लेक वाचत होती. ती म्हणाली, ‘‘किती दुष्ट ना, आई!’’ मला त्या माणसाचे वर केलेले दोन हात दिसत होते. त्या दिवशी आमच्या अंगणात मंगळावरून कोण आले होते? तो की मी?

आणखी एक सांगते. माझ्यासारखी कितीतरी घरे मोखाड्यात बाहेरून आलेली आहेत. कुणी दुकानासाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन. मूळची वस्ती वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची. बाहेरून आलेल्यांनी त्यांना काय दिले आणि त्यांचे काय नेले, याचा हिशेब काही फार अभिमानाचा नाही. सावकारी आणि वेठबिगार यांविरुद्ध वारली लोक १९४५ मध्ये उठले, ती हकीगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात आहे. ते मराठीत आहे, सर्वांनी वाचावे. मी इथे आले तेव्हा आमच्या घरात बायसाठी वेगळा कप होता, खुंटीला अडकवलेला. सासरची रीत म्हणून मी ती कित्येक वर्षे चालवली. त्या दुपारनंतर तो कप मी काढून टाकला. सासूबाई थोडे दिवस धुसफुसल्या, मग गप्प झाल्या. आता बाय ओट्यावर बसून आमच्याच कपात चहा घेते. यात मोठेपणा सांगण्यासारखे काही नाही. उशीर झाला एवढेच खरे.

ही कादंबरी १९३८ साली अमेरिकेत रेडिओवर नाटकासारखी सादर झाली, बातम्या दिल्याच्या थाटात. ३० ऑक्टोबरची रात्र होती. काही श्रोत्यांना शत्रू खरेच आले असे वाटले आणि ते घाबरले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ती घबराट कितीतरी फुगवून छापली. म्हणजे मंगळवाल्यांचीही अफवा आणि घबराटीचीही अफवा! तेव्हा रेडिओ होता, आता खिशात मोबाईल आहे. त्यांनी दुसऱ्याने सांगितलेले ऐकले. आपण मात्र बोट लावून स्वतःच पुढे धाडतो.

तेव्हा पुस्तकाविषयी माझे मत थोडक्यात असे. गोष्ट चटकदार आहे, भीतिदायक आहे. लढाईची वर्णने मला जरा लांबट वाटली. बायकांना जागा थोडी. पण ज्याने हे पुस्तक लिहिले त्याने आपल्याच लोकांसमोर आरसा धरला, आणि तोही त्यांचे राज्य जगभर पसरलेले असताना. त्याला धैर्य लागते. परग्रहावरची गोष्ट म्हणून मुलांकडे ढकलून देऊ नये. रोज थोडे थोडे वाचवून घ्यावे. मराठीतच वाचायचे असेल तर नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ ह्या कथासंग्रहापासून सुरुवात करावी.

शेवटी मंडळापुढे दोन लहान सूचना ठेवते. एक, आपल्या गटावर कुणी भीतीचा निरोप धाडला तर तो पुढे पाठवण्याआधी निदान दोघींनी चौकशी करावी, आणि खरे नसेल तर तसे लिहावे. पहिली चौकशी माझ्या निरोपापासून करा, मला राग येणार नाही. दुसरी, चैत्र लागला की आपल्याकडे विहिरी तळ गाठतात. आपल्या वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांना जाते आणि आपल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. ते सर्व आपल्या हातचे नाही. पण वर्धापनदिनाच्या खर्चातून थोडे पैसे उरतील, त्यांतून एस.टी. स्थानकापाशी दोन माठ ठेवता येतील. एकच भांडे, सगळ्यांसाठी. रोज भरण्याची पाळी आपण वाटून घेऊ. पहिल्या आठवड्याची पाळी मी घेते. बायला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘माठ झाकून ठेव, माकडा येतात.’’ तेव्हा झाकणाचाही खर्च धरावा.